दाब वाढलाय, काचबिंदू नाही. मग ही वायरींची तपासणी कशाला?

"मॅडम, करंट बसेल का?"

डोळ्याजवळ वायरी आणल्या की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. जे विचारत नाहीत ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात. तर तेवढं आधीच सांगून टाकते: करंट आम्ही देत नाही. तुमच्या डोळ्याच्या पडद्यात स्वतःची वीज असते, समोरचं दृश्य बदललं की तिच्यात बारीक चढउतार होतात, आणि ते चढउतार आम्ही टिपतो. कधी ईसीजी काढला असेल तर यातलं अर्धं तुम्हाला आधीच माहीत आहे.

मी पुण्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचे नंबर काढण्यापासून सुरुवात केली, आणि आता बरीच वर्षं इलेक्ट्रोफिजिओलॉजीची खोली माझ्याकडे आहे. मजल्यावरची अगदी टोकाची खोली, लिफ्टपासून शक्य तितकी लांब. लांब का, ते पुढे येईलच. इथे नाना तऱ्हेचे पेशंट येतात. रातआंधळेपणाची मुलं, संधिवाताच्या गोळ्यांचा पडद्यावर परिणाम झालाय का ते बघायला पाठवलेल्या बायका, अपघातानंतर दिसत नाही म्हणणारे. पण आज ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते सगळ्यांत गोंधळलेले असतात, कारण त्यांना काहीच होत नसतं. दुखत नाही, खुपत नाही, शेवटची ओळ खडखडीत वाचतात. जवळचा चष्मा बदलायला म्हणून गेले आणि डोळ्याचा दाब २६ निघाला.

"पण माझं बीपी तर नॉर्मल आहे!"

हो, असेल. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्ताचा दाब. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक जाळीतून झिरपून बाहेर जातो. तो निचरा मंदावला की आतला दाब वाढतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा पल्ला. त्याच्या वर दाब, पण ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) शाबूत, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) स्वच्छ, दुसरं काही कारण नाही, तर फाइलवर 'ऑक्युलर हायपरटेन्शन' लिहिलं जातं. काचबिंदू, म्हणजे ही नस झिजून नजर जाण्याचा आजार, अजून झालेला नाही, होऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

होऊ शकतो म्हणजे किती? याचं सगळ्यांत भरवशाचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आलं. २२ केंद्रं, १,६३६ माणसं, सगळ्यांचा दाब वाढलेला पण डोळे निरोगी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने अर्ध्यांना दाब उतरवणारे थेंब सुरू केले, अर्ध्यांना नुसतं तपासत राहिले. २००२ साली पाच वर्षांचा हिशेब आला: थेंब नसलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. थेंबांनी धोका निम्म्यावर आला हे खरं, पण उलट बाजूने वाचा: काहीही न करता पाच वर्षं काढलेल्या शंभरातल्या नव्वदांना काही झालं नाही. त्याच लोकांना वीस वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा मात्र जवळजवळ ४६ टक्क्यांना निदान एका डोळ्यात काचबिंदू झालेला होता. म्हणजे घाबरायचं की निवांत राहायचं, हे तुमचं वय किती आणि पुढे किती वर्षं काढायची आहेत यावर बरंच अवलंबून.

याच अभ्यासाने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची, जाडी मोजायची सवय जगभरच्या डॉक्टरांना लावली. दाब मोजायचं गोल्डमनचं यंत्र कॉर्निया सुमारे ५२० मायक्रॉन जाड आहे असं धरून बनवलेलं. जाड कॉर्निया दाबायला जड जातो, आकडा फुगतो. पातळ असेल तर आकडा गोड येतो आणि फसवतो. कॉर्निया ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असलेल्यांचा धोका ५८८ च्या वर असलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. त्यामुळे फुंकर मारणाऱ्या मशीनवर २४ आला म्हणून रात्रभर जागणाऱ्यांनी आधी गोल्डमनवर दाब आणि सोबत पॅकिमेट्री, म्हणजे कॉर्नियाच्या जाडीची मोजणी, करून घ्यावी. कित्येकांची भीती तिथेच ओसरते.

ज्यांची ओसरत नाही त्यांच्यातले काही माझ्याकडे येतात.

अशांपैकी एक सर मला पक्के लक्षात आहेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील इकडेतिकडे केलेत.) फलटणच्या बाजूचे, निवृत्त गणिताचे शिक्षक, आता मुलाकडे कोथरूडला. दाब उजव्या डोळ्यात २५, डाव्यात २७. कॉर्निया मध्यम. ओसीटीच्या, म्हणजे पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनच्या, प्रिंटवर सगळं हिरवंगार, फील्ड दोनदा केलेली, दोन्ही वेळा स्वच्छ. पण त्यांच्या आईची नजर काचबिंदूने गेली होती आणि शेवटची काही वर्षं त्यांनीच तिला हाताला धरून फिरवलं होतं. डॉक्टरांनी 'सहा महिन्यांनी या' म्हटल्यावर सर म्हणाले, सहा महिने वाट बघून तुम्ही काय बघणार? तेव्हा डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पीईआरजी.

पीईआरजी म्हणजे पॅटर्न इलेक्ट्रोरेटिनोग्राम. हे समजायला थोडं मागं जावं लागतं. डोळ्यावर उजेड पडला की पडद्यातली वीज बदलते, हे स्वीडनच्या फ्रिथियोफ होल्मग्रेनने १८६५ मध्ये बेडकाच्या डोळ्यात दाखवलं. पुढे माणसातही तेच सापडलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती दवाखान्यातली तपासणी झाली. झगझगीत फ्लॅश मारायचा आणि लाट बघायची. पण या फ्लॅशवाल्या ईआरजीत एक मोठी मेख होती. तिच्यात दिसतात त्या पडद्याच्या मागच्या आणि मधल्या थरातल्या पेशी. काचबिंदूत मरतात त्या सगळ्यांत पुढच्या थरातल्या गँग्लियन पेशी, ज्यांच्या दहा-बारा लाख तारा एकत्र होऊन ऑप्टिक नर्व्ह बनते. म्हणजे काचबिंदूने जवळजवळ आंधळा झालेला माणूस आणला तरी फ्लॅश ईआरजी बऱ्यापैकी ठीक येऊ शकते. ज्यांची चौकशी करायची तेच घरात नाहीत आणि शेजारी म्हणतायत सगळं ठीक आहे, अशी गत.

मार्ग निघाला तो फ्लॅश सोडून देऊन. स्क्रीनवर काळ्यापांढऱ्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटाच्या. ठरावीक वेळाने काळ्याच्या पांढऱ्या आणि पांढऱ्याच्या काळ्या. डोळ्यात जाणारा एकूण उजेड तेवढाच राहतो, बदलतो फक्त नमुना. उजेड कमीजास्त होत नसल्यामुळे मागच्या थरांचा आवाज एकमेकांना काटतो, आणि उरतो तो बराचसा नमुना ओळखणाऱ्या गँग्लियन पेशींचा. इटलीत पिसाला लांबेर्तो माफेई आणि आद्रियाना फिओरेंतिनी यांनी १९८१ मध्ये याचा पुरावा दिला. त्यांनी मांजरांची ऑप्टिक नर्व्ह कापली. गँग्लियन पेशी हळूहळू मरत गेल्या आणि काही महिन्यांत चौकटींची लाट नाहीशी झाली. फ्लॅशची लाट होती तिथेच. (मांजरांबद्दल वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण आज मी जे काम करते ते त्या प्रयोगावर उभं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.)

हे सगळं मी सरांना वायरी लावता लावता सांगत होते. आधी कपाळ आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळची कातडी खरखरीत जेलने घासून काढायची, नाहीतर तेलकट कातडीतून सिग्नल नीट येत नाही. तिथे पेस्ट भरलेल्या छोट्या वाट्या चिकटवायच्या. ही दुसरी वाटी डोळ्याच्या कोपऱ्याशीच लावायची. कानाच्या पाळीला लावणं सोपं, पण मग मेंदूतली वीजही आत मिसळते. मग खरा धागा. डीटीएल म्हणतात त्याला, चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा तंतू, केसाहून बारीक. खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढायची, "सर, वर छताकडे बघा," म्हणायचं आणि तो तंतू खालच्या पापणीच्या कडेने अलगद डोळ्यावर टेकवायचा. दोन्ही टोकं कातडीला चिकटवली की झालं. पहिल्या मिनिटाला कुसळ गेल्यासारखं वाटतं, नंतर बहुतेकांना विसर पडतो. तंतू कडेला आहे की खोल पापणीत घसरलाय, यावर लाटेची उंची बदलते, म्हणून मी दर रेकॉर्डिंगआधी टॉर्च मारून तो कुठे आहे ते बघते. कॉन्टॅक्ट लेन्ससारखे इलेक्ट्रोड इथे चालत नाहीत, कारण चौकटी स्वच्छ दिसायला हव्यात.

स्वच्छ दिसणं हा तर या तपासणीचा प्राण आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे नाहीत. स्क्रीन साधारण मीटरभर लांब असते, त्या अंतराचा नंबर ट्रायल फ्रेममध्ये, तपासणीच्या चष्म्यात, घालून द्यायचा. साठीच्या पुढच्या माणसाला लांबच्या नंबरात अधिक एक मिळवायचा. स्वतःचा प्रोग्रेसिव्ह चष्मा चालत नाही, कारण माणूस हनुवटी वर-खाली करून जागा शोधत बसतो. चौकटी पुसट दिसल्या की लाट बुटकी होते, आणि बुटकी लाट म्हणजे आजारी पेशी असा अर्थ लावायला लोक टपलेलेच असतात.

एक बाई मागे दुसऱ्या ठिकाणचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. 'गँग्लियन पेशींचं तीव्र बिघडलेलं कार्य' असं ठळक अक्षरांत. घरी रडारड झालेली. बोलता बोलता कळलं की थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या आणि चष्मा काढून ठेवायला सांगितला होता. म्हणजे त्या स्क्रीनवर चौकटी नव्हत्याच त्यांच्यासाठी, राखाडी धुकं होतं. आम्ही व्यवस्थित नंबर घालून पुन्हा केली, दोन्ही डोळे उत्तम. कुठलं सेंटर ते सांगणार नाही, पण मला राग आला होता, आणि अजूनही येतो.

तर सर. "मधल्या लाल ठिपक्याकडे बघायचं. पापणी मिटावीशी वाटली तर सांगा, मी थांबवते. दात आवळायचे नाहीत."

"तोंडात सुपारी आहे ना त्यांच्या," सरांसोबत आलेल्या काकू मागून म्हणाल्या.

सुपारी बाहेर. कानशिलाचे स्नायू हलले की स्क्रीनवर नुसता गदारोळ होतो. आपल्याला हवी असलेली लाट किती मोठी असते? चार-पाच मायक्रोव्होल्ट. एका व्होल्टचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले चार-पाच. पापणीची एक उघडझाप शेकडो मायक्रोव्होल्टची असते. शिवाय वायरिंगमधला पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट, ट्यूबलाइटचा चोक, खिशातला मोबाईल, आणि लिफ्टची मोटर. म्हणून खोली टोकाला, ट्यूब बंद, मोबाईल बाहेर काकूंकडे.

मग ती इवली लाट सापडते कशी? एकदा बघून सापडतच नाही. चौकटी शंभरहून जास्त वेळा उलटायच्या, दर वेळचा तुकडा मशीनने साठवायचा, सगळ्यांची सरासरी काढायची. पेशींचं उत्तर दर वेळी त्याच क्षणी येतं, म्हणून टिकतं. बाकीचा गोंधळ कधी वर कधी खाली, म्हणून विरतो.

"वर्गमूळाने," सर म्हणाले. लाल ठिपक्यावरून नजर न हलवता.

"काय?"

"गोंधळ वर्गमूळाने कमी होईल. शंभर वेळा घेतलं तर दहावा हिस्सा. चारशे वेळा घेतलं तर विसावा. म्हणजे चौपट वेळ बसून फायदा दुप्पटच."

हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं, पण इतकं सुटसुटीत नव्हे. आणि म्हणूनच पेशंटला कंटाळा येईपर्यंत ताणण्यात राम नसतो. पेंगुळलेल्या डोळ्यांचे चारशे तुकडे जागसूद डोळ्यांच्या दीडशेपुढे फिके पडतात. दुपारच्या जेवणानंतरची वेळ मी शक्यतो देत नाही.

चौकटी सेकंदाला चार वेळा उलटल्या की ठरलेल्या आकाराची लाट येते: ३५ मिलिसेकंदाला छोटासा खड्डा, ५० च्या आसपास शिखर, ९५ च्या आसपास मोठा खड्डा. त्यांना एन-३५, पी-५० आणि एन-९५ म्हणतात. शिखरात मागच्या थरांचाही थोडा वाटा असतो, मोठा खड्डा मात्र मुख्यतः गँग्लियन पेशींचा. दाबाच्या पेशंटमध्ये आम्ही आणखी एक प्रकार करतो. चौकटी सेकंदाला सोळा वेळा उलटवायच्या. मग वेगवेगळी शिखरं दिसत नाहीत, एकच डुलती रेघ येते, आणि तिची उंची मशीन गणिताने काढतं. हे दोन आकारांच्या चौकटींनी करायचं, एकदा बारीक, ०.८ अंशांच्या (चौकट डोळ्याशी किती कोन करते ते), आणि एकदा ढोबळ, सुमारे १६ अंशांच्या. लवकरच्या काचबिंदूत बारीक चौकटींचं उत्तर आधी खचतं, ढोबळ चौकटींचं मागाहून. मग बारीकला ढोबळने भागायचं. ही युक्ती जर्मनीत फ्रायबुर्गच्या मायकेल बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. मला ती आवडते, कारण माणसामाणसांच्या लाटांची उंची मुळातच खूप वेगळी असते. गुणोत्तरात ज्याचा डोळा त्याच्याशीच ताडला जातो.

आता सगळ्यांना हवा असलेला प्रश्न: यातून काचबिंदू आधी कळतो का?

फ्रायबुर्गच्या गटाने दाब वाढलेल्या लोकांचे डोळे दहा वर्षांपर्यंत तपासत ठेवले. २०११ मध्ये त्यांनी मांडलं की फील्डमध्ये बिघाड दिसण्याच्या चार वर्षं आधी हे गुणोत्तर पुढे बिघडणाऱ्या डोळ्यांपैकी सुमारे ७५ टक्के ओळखतं, आणि न बिघडणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांना बरोबर 'ठीक' म्हणतं. चार वर्षं म्हणजे फार मोठी गोष्ट. दान केलेल्या डोळ्यांतल्या पेशी मोजून बाल्टिमोरच्या हॅरी क्विग्ली यांच्या गटाने दाखवलंय की फील्ड टेस्ट ठामपणे 'बिघाड' म्हणेपर्यंत पाव ते एक तृतीयांश गँग्लियन पेशी गेलेल्या असतात.

सरांनी फाइलच्या पाठीवर पेनने हिशेब मांडला. तो कागद मी झेरॉक्स करून ठेवलाय, नवीन मुलींना शिकवताना दाखवते. दाब वाढलेली शंभर माणसं घ्या. पाच वर्षांत दहांना काचबिंदू होणार. त्यातले सात-आठ ही तपासणी पकडणार. उरलेल्या नव्वदांपैकी २४ टक्के, म्हणजे बावीसेक जणांना ती उगीचच 'बिघाड' म्हणणार. एकूण 'बिघाड' रिपोर्ट तीसेक. त्यातले खरे सात-आठ.

"म्हणजे चार घाबरलेल्यांतले तीन फुकट घाबरलेले."

"हो सर."

"आणि ज्यांना 'ठीक' म्हटलं ते सत्तर. त्यात दोन-तीन निसटले. दहा टक्क्यांचा धोका साडेतीन टक्क्यांवर आला." थोडा वेळ कागदाकडे बघून म्हणाले, "तुमचा चांगला रिपोर्ट वाईट रिपोर्टपेक्षा जास्त कामाचा आहे मग."

दोन वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे असे जोडणं काटेकोर नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण दिशा अगदी बरोबर आहे, आणि मला या पोस्टमध्ये जे म्हणायचंय ते नेमकं हेच आहे. ही तपासणी 'काचबिंदू आहे का' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आज त्या पेशी दमलेल्या आहेत का, एवढं सांगते. वाईट रिपोर्ट आला तर तो निकाल म्हणून घरी न्यायचा नसतो, पुन्हा करून बघायचा असतो.

कारण पेशी दमायला दाब हे एकच कारण लागत नाही. मधुमेहाने लाट खाली येते. मोतीबिंदूने चौकटी मळकट दिसतात, तरी खाली येते. पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात, काही असेल तर पी-५० आधीच बसते. वयाने तर येतेच. साखर असलेला, थोडा मोतीबिंदू असलेला, पासष्टीचा माणूस आणि हातात 'कमी' म्हणणारा आकडा: आपल्याकडे हे चित्र इतकं नेहमीचं आहे की कमी आलेल्या लाटेला दाबच जबाबदार, असं म्हणायला मी तरी धजणार नाही.

तरीही मी या तपासणीवर विश्वास ठेवून आहे, तो दुसऱ्या एका गोष्टीमुळे. मायामीत विट्टोरिओ पोर्चाट्टी आणि लोरी व्हेंचुरा यांनी कित्येक वर्षं काचबिंदूच्या उंबरठ्यावरच्या लोकांची पीईआरजी काढली. दाब उतरवल्यावर काहींची लाट पुन्हा उंचावली, हे त्यांनी २००५ मध्ये दाखवलं. मेलेली पेशी थेंबांनी उठून बसत नाही. म्हणजे त्या पेशी मेलेल्या नव्हत्या, नुसत्या गप्प झाल्या होत्या. त्यांच्याच गटाच्या पुढच्या कामात असं दिसलं की लाट दहा टक्क्यांनी घटणं आणि ओसीटीवर नसांचा थर दहा टक्क्यांनी पातळ होणं, यात सुमारे आठ वर्षांचं अंतर पडतं. ओसीटी ज्यांचे देह पडलेत त्यांची मोजदाद करते. त्याच्या आधीचा काळ, आजारी पण जिवंत असण्याचा, फक्त इथे दिसतो.

त्याच लोकांनी आणखी एक गंमत केली. पेशंटला आडवं करून पलंग डोक्याकडून दहा अंश खाली कलता केला. डोळ्याचा दाब थोडा चढतो. निरोगी माणसाच्या लाटेला त्याचं फारसं काही वाटत नाही, काही संशयितांची लाट मात्र लगेच खचते. हे वाचल्यापासून मी दाबाच्या पेशंटला एक प्रश्न हमखास विचारते: शीर्षासन करता का? पुण्यात याचं उत्तर 'हो' येण्याची शक्यता बरीच. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्याचा दाब सुमारे दुप्पट झालेला आढळला. मुळातच २६ असेल तर दुप्पट म्हणजे काय, ते सरांना विचारायची गरज नाही. योगासनं चालू ठेवा, डोकं खाली असलेली आसनं डॉक्टरांना विचारून. आणि दुसरा प्रश्न, डोळे लाल झाले की मेडिकलमधून कुठले थेंब आणता? स्टिरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालून दाब चढवून घेतलेली तरुण मुलंही माझ्या खुर्चीत बसून गेलीत. त्यांच्या बाबतीत पीईआरजी नंतर, आधी ती बाटली बंद.

सरांचा उजवा डोळा ठीक आला. डाव्याचं गुणोत्तर कमी. काही आठवड्यांनी पुन्हा केली, वेगळ्या दिवशी, सकाळी, मोतीबिंदू नाही आणि साखर नाही याची खात्री करून. डावा पुन्हा कमी. डॉक्टरांनी नुसत्या माझ्या रिपोर्टवर काही ठरवलं नाही, आणि ते बरोबरच. दाब, नर्व्ह, फील्ड, ओसीटी याच आजही निर्णयाच्या तपासण्या आहेत. पीईआरजी त्यांच्या बाजूला बसते. पण डाव्यात दाब जास्त, आईचा इतिहास आणि हे दोन रिपोर्ट एकाच दिशेला बोट दाखवत होते. रात्रीचा एक थेंब सुरू झाला. दाब अठरावर उतरला.

पुढच्या वेळी डाव्या डोळ्याची लाट थोडी वर आलेली होती. मी खूश. सर नाहीत.

"थेंबामुळे, की असंच? आज-उद्यात फरक पडतो म्हणालात ना."

पडतो. उत्तम रेकॉर्डिंगमध्येही पडतो.

"मग अजून एक बिंदू येऊ दे. दोन बिंदूंतून रेषा काय, नेहमीच जाते."

त्यांचं पुढचं रेकॉर्डिंग व्हायचंय. तोवर कुणाला डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली असेल, तर काही कामाच्या गोष्टी. लांबचा आणि जवळचा, दोन्ही चष्मे आणि नंबराचा कागद आणा. डोक्याला तेल, चेहऱ्याला क्रीम, डोळ्यांत काजळ नको. दाबाचे थेंब चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. त्याच दिवशी आधी बाहुली मोठी करायचे थेंब घातले जाणार असतील तर पीईआरजी त्याच्या आधी करायला सांगा, किंवा दुसऱ्या दिवशी या. पुढच्या वेळीही शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण प्रत्येकीची स्क्रीन वेगळी. आमच्याकडे अजून जुना, पाठीमागे पोट असलेला मॉनिटर आहे आणि त्यावरून सगळे हसतात. पण काही सपाट स्क्रीनवर चौकटी उलटताना क्षणभर एकूण उजेड बदलतो, आणि मग ती फ्लॅशची तपासणी होऊन बसते. तो मॉनिटर बिघडला तर दुरुस्त करणारा आता बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातही शोधावा लागतो.

आणि रिपोर्टवर नुसता 'नॉर्मल' किंवा 'कमी' असा शेरा असेल तर लाटांची प्रिंट मागून घ्या. प्रत्येक डोळ्याच्या निदान दोन लाटा एकावर एक काढलेल्या असल्या पाहिजेत. त्या एकमेकींवर बसत नसतील तर खालच्या आकड्याकडे बघूच नका, तपासणी परत करायला सांगा.